माझ्या नावाचा पुकारा

"कॅप्टन, उभा काय ऱ्हायलास? चढाई कर. मला शिव आन् दारापर्यंत जा. नोटा तुझ्या."

शेठ खुर्चीत बसल्या बसल्या बोलला. हातात शंभराच्या पाच नोटा. धामणकर नाक्यावरचं त्याचं ऑफिस, दुपारची वेळ. समोर सुताचे दोन दलाल चहा पीत बसलेले. कोपऱ्यात मुन्शी. दाराशी मी, उजवा गुडघा फडक्यानं आवळलेला, हातात काठी. मी माझेच पैसे मागायला गेलो होतो. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी. ठाण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, तीन महिन्यांत केलं नाही तर पाय कधीच सरळ होणार नाही.

मला वाटलं मस्करी करतोय. मी हसलोसुद्धा.

"कबड्डी कबड्डी म्हनत ये. दम सोडलास तर फाऊल."

दलाल हसले. मुन्शीनं वही मिटली आणि खुर्ची वळवून बसला.

मी काठी भिंतीला टेकवली. 'कबड्डी कबड्डी' म्हणत, लंगडत पुढं गेलो. शेठच्या खांद्याला हात लावला, नोटा घेतल्या आणि दारापर्यंत परत आलो. हे मी केलं. माझ्या मानेवर कुणी सुरी ठेवली नव्हती. हे सांगताना आजही कान तापतात.

घरी आल्यावर त्या नोटा सुमनच्या, माझ्या बायकोच्या हातात दिल्या आणि काय झालं ते सांगितलं. ती म्हणाली, "परत देऊन या." मी गेलो नाही. त्या पैशाचे तांदूळ आले, तेल आलं. ते आम्ही खाल्लं.

आता लोक मला एकच प्रश्न विचारतात. मी सुताच्या कांड्या भरायला जातो त्या कारखान्याचा मुकादम तर रोज विचारतो, "कप्तान, इतना पैसा कमाया आपने, गया कहाँ?" लोकांना उत्तर आधीच ठाऊक असतं. दारूत गेला, बाईत गेला, जुगारात गेला. आमच्या समाजातल्या माणसाला पैसा पचत नाही, असंही काहीजण म्हणतात. तोंडावर नाही, पण ऐकू येईल इतपत. संताप येतो. मी दारूचा थेंब कधी घेतला नाही. पैसा कुठं गेला ते मी सांगतो.

आमचं गाव दिघाशीच्या पलीकडं. गावाबाहेर आमची बौद्धांची वीस-बावीस घरं. मी तिथल्या ओसाड खळ्यावर कबड्डी शिकलो. एकोणिसाव्या वर्षी माझं नाव तालुकाभर झालं. मुंबईच्या एका कंपनीनं संघात घेतलं असतं. शिपायाची नोकरी, पण कायम. पगार बेताचा, फंड, आजारपणाचा खर्च, सगळं लागू. तेवढ्यात शेठ गावात आला. कशेळीकडचा जमीनवाला. खाडीकाठची शेतं गोदामांना देऊन गब्बर झालेला, मग लूम, म्हणजे यंत्रमाग, टाकलेले, आणि आता त्याला स्वतःचा कबड्डी संघ हवा होता. त्यानं कंपनीच्या तिप्पट आकडा सांगितला. माझा बाप वर्षभर राबून मिळवायचा त्यापेक्षा जास्त मला एका महिन्याला. लूमच्या हजेरीपटावर माझं नाव मिस्त्री म्हणून, आणि काम खेळायचं.

मी हो म्हणालो. कोण नाही म्हणेल?

"सगळे पैसे हातात घेऊ नको," शेठ म्हणाला. "घरखर्चापुरते ने. बाकी माझ्याकडं जमा. लग्नाला, घराला एकदम कामाला येतील." बाप माझ्या शेजारी उभा होता. त्यानं शेठला हात जोडले. बँकेत खातं काढावं हे आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही. शेठच्या घरी तिजोरी होती आणि शेठ मला पोरासारखं वागवत होता, तेवढं पुरलं. कागद मागितला असता तर अपमान झाला असता. त्याचा.

शेठनं मला संघाचा कॅप्टन केलं आणि पहिल्या हंगामात आम्ही नऊ कप जिंकले. मग आमच्याच गावात स्पर्धा झाली. आणि तिथं ते घडलं, ज्यात माझं सगळं गेलं.

कबड्डीच्या मैदानावर पुकारा होतो, हे आमच्याकडं कुणाला सांगायला नको. कर्ण्यावरून नावं घेतात. अमक्यांकडून या चढाईला एक्कावन्न रुपये, तमक्यांकडून मंडपाला पाचशे एक. नाव मोठ्यानं घेतलं की माणूस उभा राहून नमस्कार करतो. त्या दिवशी सामना संपल्यावर माईकवाला ओरडला, "आपल्या गावचे सुपुत्र, आपले कॅप्टन यांच्याकडून शाळेच्या खोलीसाठी रुपये दोन हजार एक!"

मी काहीच दिलं नव्हतं. मला कुणी विचारलंही नव्हतं. मी शेठकडं बघितलं. त्यानं मान हलवली, उठ म्हणून.

आता हे नीट समजून घ्या. आमच्या गावात वर्गणीची पावती आमच्या वस्तीत फाडत नसत. आमचा पैसा नको असायचा, आमचे हात हवे असायचे, मंडपाचे बांबू पुरायला. आजवर गावच्या कर्ण्यावर आमच्यातल्या कुणाचं नाव देणारा म्हणून कधी आलं नव्हतं. आणि त्या संध्याकाळी आलं. गर्दीच्या कडेला माझी आई उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला. मी उठलो आणि हात जोडले.

तिथं मी चुकलो. पैशाच्या लोभानं नाही, त्या आवाजाच्या लोभानं.

त्यानंतर प्रत्येक गावात माझ्या नावाचा पुकारा व्हायचा. शाळेला, मंडपाला, हरलेल्या संघाला. शेठच्या निवडणुकीच्या वर्षात तर आठवड्याला दोनदा. रक्कम शेठ ठरवायचा. कापली जायची माझ्या जमेतून. माझ्या नावाला टाळ्या पडायच्या आणि मतं शेठला. मी दानशूर झालो म्हणून लोक दारात यायला लागले. कुणाची मुलगी लग्नाची, कुणाची म्हैस मेलेली. कालपर्यंत ज्यांच्या ओट्याखाली आम्ही उभे राहायचो, ते आमच्या ओट्यावर बसायला लागले. त्यांना नाही कसं म्हणणार? मी घरखर्चाचे उचलून द्यायचो आणि किराणावाल्याकडं उधारी ठेवायचो.

सुमन एकटीच विचारायची. "जमा किती हायत? कुटं लिव्हलंय?"

"शेठचा शब्द हाय," मी म्हणायचो.

"शब्दाला सही नसती का?"

मी चिडायचो. तुला खेळातलं काय कळतंय, म्हणायचो. कळत होतं तिला. मला कळत नव्हतं, आणि कळून घ्यायचं नव्हतं.

एकोणीसशे नव्वद साल उलटल्यावर एका पकडीत माझा गुडघा गेला. तिघं अंगावर पडले आणि पाय उलटा वळला. महिनाभरात हजेरीपटावरून नाव गेलं. पुढं मी पैसे मागायला गेलो आणि शेठनं मला ऑफिसात चढाई करायला लावली. नोटा घेतल्यावर मी विचारलं होतं, "शेठ, आन् जमा?" मुन्शीनंच उत्तर दिलं, "कसली जमा? दान करत सुटला व्हतास ना? सगळ्या तालुक्यानं ऐकलंय."

बरोबर होतं. दहा वर्षं सगळ्या तालुक्यानं ऐकलं होतं आणि मी दर वेळी उभा राहून हात जोडले होते. साक्षीदारच साक्षीदार.

तीन महिने गेले. पाय वाकडा तो वाकडाच राहिला. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला आणि शेठची जीप दारात आली. जुन्या खेळाडूंना स्टेजवर बसवणार होते. सुमन म्हणाली, "जाऊ नका." मी म्हणालो, "जातो. पन हात जोडायला न्हाय."

मैदान भरलेलं. संध्याकाळचं ऊन तिरपं आलं होतं. मला शेठपासून दुसऱ्या खुर्चीवर बसवलं. अंतिम सामन्याआधी माईकवाला नेहमीच्या सुरात ओरडला, "आपले सर्वांचे लाडके कॅप्टन यांच्याकडून विजेत्या संघाला रुपये एक हजार एक!"

माझ्या घरात त्या दिवशी रॉकेल नव्हतं.

मी उठलो. लोकांनी टाळ्या सुरू केल्या. मी माईकवाल्याच्या हातातला माईक धरला आणि म्हणालो, "मी काय बी दिलेलं न्हाय. याच्या आधी बी दिलेलं न्हाय. माझं पैसं शेठकडं हायत, त्यातून शेठनं दिलं, मला न इचारता. आजपासून माझ्या नावानं कुनी पुकारा करायचा न्हाय."

शेठ जागेवरून म्हणाला, "बस खाली. पायासंगं डोकं बी गेलं काय?"

"डोकं आत्ता आलंय," मी म्हणालो. तोवर माईक बंद केला होता. पुढच्या चार रांगांना तेवढं ऐकू गेलं. कुणी टाळी वाजवली नाही. माझ्याबरोबर दहा वर्षं खेळलेले सहा जण स्टेजवर बसले होते. सगळे खाली बघत होते. त्यांचेही पैसे शेठकडंच होते. मी पायऱ्या उतरलो. जीप काही मला सोडायला आली नाही. रिक्षा बदलत घरी पोचलो.

त्याला आता चार वर्षं झाली. शेठनं एक पै दिली नाही. मी बसून कांड्या भरतो. ते बायकांचं काम समजतात, पण गुडघा वाकवावा लागत नाही. वस्तीतला कुणी खेळाडू संघाशी बोलणी करायला निघाला की मी बरोबर जातो आणि आधी पासबुक टेबलावर ठेवायला लावतो. पैसे खात्यात पडल्याशिवाय मैदानात पाय टाकू देत नाही. शेठ लोक म्हणतात, कॅप्टन हावरट झाला. झालोय.

परवा शेठचा निरोप घेऊन मुन्शी घरी आला. पुन्हा निवडणूक आहे. "जुनं विसर. स्टेजवर ये. शेठ पंचवीस हजारांचं बक्षीस देनार हाय तुला. पायाचं बी बघू म्हनतात."

सुमन चुलीपाशी होती. तिनं माझ्याकडं बघितलं. पंचवीस हजार म्हणजे आमचं दोन वर्षांचं खाणं. मी मुन्शीला पाणी दिलं आणि म्हणालो, "बक्षीस नको. माझी जमा परत केली, असं शेठच्या सहीनं लिहून आन. मग शंभर रुपये दिलेस तरी घेईन."

"ते शेठ लिहिनार न्हाय."

"मग मी बी येनार न्हाय."

मुन्शी हसला. "आन् पाय?"

"पाय असाच ऱ्हाऊ दे," मी म्हणालो, आणि त्याच्या तोंडावर दार लावलं.