कागदाची मागची बाजू

वर्षभरात मी आमच्या घराजवळच्या बंदुकांच्या दुकानात पाच वेळा गेले आणि पाचही वेळा काही न घेता परतले. दुकानदार पांढऱ्या दाढीचा, शांत माणूस. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "कशासाठी हवीय? शिकारीला की टार्गेटला?" मी टार्गेट म्हणाले. खरं उत्तर 'एका निवृत्त हार्ट स्पेशालिस्टसाठी' असं होतं. मला त्यांच्या केसालाही धक्का लावायचा नव्हता, फक्त चारचौघांत हरवायचं होतं. पण हा फरक काउंटरवर उभं राहून समजावण्यासारखा नव्हता.

हे डॉक्टर म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या डब्लिन गावातल्या तमाम मराठी मंडळींचे काका. चाळीसेक वर्षांपूर्वी आले, आमच्यासारख्या उशिरा आलेल्यांना अमेरिका समजावून सांगायची जबाबदारी त्यांनी स्वतःहून घेतली आहे. शहराबाहेर तासाभरावर त्यांची थोडी जमीन आहे. मक्याच्या शेताला लागून एक कोठार, एक ओढा आणि एक मातीचा बांध. काका तिला 'इस्टेट' म्हणतात. दर ऑक्टोबरात ते तिथे सगळ्यांना बोलावतात आणि बांधासमोर कागद लावून नेमबाजी होते. त्यांच्याकडे लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल आहे. चापाखाली लोखंडी कडी असते, ती खाली ओढून वर घेतली की रिकामं काडतूस बाहेर उडतं आणि नवं आत बसतं. अशी बंदूक जुन्या काऊबॉयपटांत असते. काका ती हातात घेतात तेव्हा कोणीतरी फोटो काढेपर्यंत खाली ठेवत नाहीत.

गेल्या वर्षी आम्ही पहिल्यांदाच गेलो. काकांनी माझ्या नवऱ्याला आडनाव विचारलं. अर्ध्या तासाने पुन्हा विचारलं, मला माहेरचंही. जेवताना "मूळचे कुठले?" असं विचारून, नागपूर हे उत्तर पुरेसं न वाटल्याने तिसऱ्यांदा विचारलं. मिळालं ते उत्तर त्यांनी चटणीसारखं ताटाच्या कडेला ठेवलं. मग रायफल माझ्या हातात देताना म्हणाले, "जपून हं. शिकून येत नाही हे. रक्तात असावं लागतं."

माझे वडील फौजेत हवालदार होते. नव्या पोरांना नेम धरायला शिकवायचे. सुटीवर आले की क्वार्टरमागच्या भिंतीपुढे जुन्या कॅलेंडरची पानं लावून मला छऱ्याची बंदूक चालवायला शिकवत. श्वास अर्धा सोडायचा, थांबायचं, चाप ओढायचा नाही, दाबायचा. हे सगळं काकांना सांगण्यात अर्थ नव्हता. मी पाच गोळ्या झाडल्या. चार कागदाच्या मध्यापाशी, बांगडीत मावतील इतक्या जवळ बसल्या. पाचवीच्या वेळी मागे कोणाचं तरी मूल किंचाळलं आणि ती डावीकडे खाली गेली. शेवटी काकांनी सगळ्यांचे कागद गोळा केले, "निकाल नंतर" म्हणाले, आणि निकाल काही लागला नाही.

तो दिवाळीच्या फराळाला लागला. काकांच्या बेसमेंटमध्ये, बारच्या वर, सोनेरी चौकटीत तो कागद होता. मध्यापाशी चार भोकं, डावीकडे खाली एक. खाली पितळी पट्टीवर काकांचं नाव. मी चिवड्याची वाटी घेऊन कितीतरी वेळ तिथे उभी होते.

"बघतेस काय? पन्नास यार्डांवरून!" काका म्हणाले.

"पाचवी खाली कशी गेली, काका?"

"ती? ती मुद्दाम. सगळ्या एकाच भोकातून गेल्या तर लोकांना खोटं वाटतं."

त्या संध्याकाळी मी ठरवलं की स्वतःची रायफल घ्यायची, रोज सराव करायचा, आणि पुढच्या ऑक्टोबरात सगळ्यांसमोर त्यांचा पार धुव्वा उडवायचा. नवऱ्याला सांगितलं तर तो भांडी घासत होता, तो वळलाही नाही.

"पंचशील रोज म्हणतेस ना?"

"कागदाला प्राण नसतो."

"काकांना असतो."

"त्यांच्या प्राणाला मी हात लावत नाहीये. भिंतीला लावतेय."

मुलगी सोफ्यावरून म्हणाली, "आई, यू आर बीइंग सो पेटी." मी तिला म्हटलं, मराठीत सांग. तिने विचार केला आणि म्हणाली, "मराठीत कोत्या मनाला तुझंच नाव आहे ना."

तरी रायफल घेणं सोपं नव्हतं. दुकानात गेले की हातात घ्यायची, कडी ओढायची. तो दोन ठोक्यांचा आवाज कानाला फार बरा वाटायचा. मग घरातलं कुलपाचं कपाट डोळ्यांसमोर यायचं, बुद्धवंदनेला आमच्याकडे येणारी म्हातारी मंडळी यायची, आणि मी रायफल परत काउंटरवर ठेवायचे. उन्हाळा असाच गेला. सूड मनात पक्का होता, हत्याराचं ठरत नव्हतं.

चौथ्या खेपेला दुकानदार म्हणाला, मागे आमची रेंज आहे, एकदा भाड्याने घेऊन चालवा आणि मग ठरवा. त्याने मला कागद दिला. मी पर्समधून पेन काढलं, कागद उलटा केला आणि मागे नाव लिहिलं. तो हसला. "जुन्या माणसाकडून शिकलेल्या दिसता," म्हणाला.

पेन माझ्या हातात तसंच राहिलं. वडील पहिल्या छऱ्याच्या आधी नाव घालायला लावायचे. म्हणायचे, "मागे नाव नसेल तर चांगला नेम साहेबाचा ठरतो आणि वाईट आपला." ती सवय इतकी अंगात मुरली आहे की मी कधी लिहिते ते माझ्या लक्षातही येत नाही. मग काकांच्या बांधासमोर मी लिहिलं होतं का? आठवत नव्हतं. शपथेवर सांगता आलं नसतं. दुकानदाराला म्हटलं, शनिवारपर्यंत ही रायफल बाजूला ठेवा. काकांकडचा दसरा त्याच्या आदल्या संध्याकाळी होता.

दसऱ्याच्या दिवशी सकाळी आमची वंदना असते, आमचाही तो मोठा दिवस. संध्याकाळी काकांकडे शस्त्रपूजा. एरवी मी गेले नसते. यंदा वंदनेची पांढरी साडी न बदलताच गेले. बेसमेंटमध्ये लाल कापडावर रायफल, ऑनलाइन मागवलेली तलवार, एक स्टेथोस्कोप, कोणाचा तरी लॅपटॉप, आणि मधोमध ती चौकट. काकू सगळ्यांना हळदकुंकू लावत होत्या, चौकटीच्या काचेलाही. काकांनी वीस मिनिटं पूर्वजांविषयी सांगितलं. पूर्वज ऐकायला असते तर त्यांनीही घड्याळ बघितलं असतं.

भाषण संपल्यावर मी म्हटलं, "काका, खरे नेमबाज कागदाच्या मागे आपलं नाव घालतात म्हणे. तुम्हीपण घातलं असेल ना?"

"अर्थात!" काका म्हणाले. "डिसिप्लिन म्हणतात त्याला."

"मग मुलांना दाखवा ना."

नवऱ्याने माझं कोपर दाबलं. मागे काहीच नसेल तर मी वेडी ठरणार होते, आणि डब्लिनमध्ये ते पुढची दहा वर्षं पुरलं असतं. काका मात्र चौकट उलटी करून मागच्या पट्ट्या सोडवूही लागले होते. मला तेव्हा वाटलं, आजही वाटतं, की त्यांना खरंच आठवत नव्हतं. वर्षभर सांगून सांगून ती पाच भोकं त्यांची झाली होती. याने माझा राग कमी झाला नाही, वाढला. घेणाऱ्याने निदान घेतल्याचं लक्षात तरी ठेवावं.

कागद निघाला. काकांनी तो बघितला आणि पुन्हा चौकटीत घालायला लागले. काकूंनी हातातून घेतला.

"थांबा हो, चष्मा लावू द्या. मराठीत लिहिलंय की." त्यांनी मोठ्याने वाचलं. माझं नाव, वडिलांचं नाव, आणि माहेरचं आडनाव, स्वच्छ, ठासून. "अहो, हे तर हिचं नाव!"

"मिक्स-अप झालेलं दिसतंय," काका म्हणाले.

"वर्षभर?" काकू म्हणाल्या.

कोणीतरी खोकलं. एका पोराने विचारलं, "सो हू इज द रिअल शूटर?" त्याच्या आईने त्याला जिन्यावरून वर पाठवलं. काकांच्या चेहऱ्याकडे मी पोटभर बघून घेतलं. ज्या आडनावाची त्यांना इतकी चौकशी होती ते वाचायला आता त्यांना भरपूर वेळ होता.

"घरी ने बाई तुझा कागद," काकू म्हणाल्या.

"नको काकू. राहू दे भिंतीवर. फक्त उलटा लावा."

काकूंनी खरंच उलटा लावला. चौकट जागेवर टांगली आणि नव्याने पुसलेल्या काचेवर, सवयीने, कुंकवाचं बोट टेकवलं. ते नेमकं माझ्या आडनावावर आलं. परतताना गाडीत नवरा म्हणाला, "झालं समाधान?" मी म्हटलं, बरंचसं. पितळी पट्टी अजून तशीच आहे.

शनिवारी दुकानात गेले. रायफल बाजूला ठेवलेली होती. मी कडी एकदा ओढली, दोन ठोके ऐकले आणि ती परत दिली. दुकानदाराला म्हणाले, घरी जागा नाही. पंचशीलाचं कारण देता आलं असतं, नवरा खूश झाला असता, पण ते खरं नव्हतं. रायफल घेतली असती तर लोकांसमोर ती चालवावी लागली असती, आणि तशी पाच भोकं माझ्या हातून पुन्हा पडतील याची मला अजिबात खात्री नाही.