म्हातारीला भूत केलेला सिनेमा

गल्लीत तिला सगळे भुतांची ताई म्हणत. दिवसभर ती लोकांच्या पँटच्या चेनी बदलायची, कमरा सैल करायची, आणि शिलाई मशीनशेजारी उभ्या केलेल्या मोबाईलमध्ये कुणीतरी कुणाचा तरी गळा दाबत असायचं. माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक किंकाळी ऐकून दारातच थबकायचं. "या हो आत," ती टाका न सोडता म्हणायची. "तो मरणारच होता. अंधाऱ्या तळघरात एकट्याने कशाला कडमडायचं?"

हे वेड तिचं आणि तिच्या धाकट्या भावाचं. लहानपणी एका पांघरुणात शिरून भयपट बघणारी ही दोन पोरं आता चाळिशी ओलांडून गेली होती आणि मोबाईलवर ऐकायचा त्यांचा स्वतःचा कार्यक्रम होता. दर आठवड्याला एक जुना भयपट आणि एक नवा. जुना तिच्याकडे, नवा त्याच्याकडे. शेवटी निकाल मात्र दोघांचा मिळून एकच. पटलं नाही तर आधी भांडून घ्यायचं, पण ऐकणाऱ्यांपुढे दोन तोंडांनी बोलायचं नाही, हे पहिल्यापासून ठरलेलं.

रविवारी दुपारी भाऊ यायचा. फर्निचरच्या शोरूममध्ये सेल्समन होता. शर्टाची इस्त्री आणि जिभेची इस्त्री दोन्ही कडक. आईच्या खोलीत डोकावायचा, "काय म्हणतेस आई," म्हणायचा आणि उत्तर यायच्या आत बाहेर. आईला आता तो कोण हे आठवत नसे, आणि बऱ्याचदा ताईही कोण ते आठवत नसे. मागच्या खोलीच्या दाराला जाड रजई टांगून दोघं रेकॉर्डिंगला बसत. आईची हाक कार्यक्रमात जाऊ नये म्हणून ती रजई.

त्या रविवारी नवा सिनेमा होता तो म्हातारीचा. सगळीकडे वाहवा चाललेली. विसराळू झालेली म्हातारी घरभर अनवाणी फिरते, भिंत ओरबाडते, दात नसलेलं तोंड उघडून हसते, कपडे ओले करून लेकीच्या पलंगाशी येऊन उभी राहते. शेवटी लेक तिला खोलीत कोंडून, गाडी काढून पळते. आणि थिएटरात टाळ्या पडतात. शेजारणीला आईपाशी बसवून ताई तो बघून आली होती. पडद्यापेक्षा तिला त्या टाळ्यांनी जास्त शहारे आले होते.

"वार्धक्याची भीती काय सुंदर टिपलीय," भावाने सुरुवात केली. "अंगावर काटा येतो. असा सिनेमा वर्षानुवर्षांत होत नाही."

"सोफा विकतोयस का?"

"ताई, बोल ना नीट."

"नीटच बोलते. माझ्या जुन्या सिनेमात रिकाम्या खोलीतली एक खुर्ची दर वेळी खिडकीच्या जराशी जवळ गेलेली दिसते. बस, एवढंच. बघणाऱ्याची बोबडी वळते. आणि ह्यांना भीती दाखवायला काय सापडलं, तर म्हातारीचं ओलं लुगडं."

"ते प्रतीक आहे गं."

"प्रतीक मी रोज सकाळी बादलीत भिजवते."

भाऊ हसला. ते हसणं तिला लागलं.

"हसू नकोस. त्या पोरीने आईला कोंडलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. तूही वाजवल्यास ना?"

तेवढ्यात रजईपलीकडून आईची हाक आली. ताई उठली. परत आली तेव्हा भाऊ निघायच्या तयारीत होता. "तुझं बोलणं झालंय रेकॉर्ड," तो म्हणाला. "बाकी मी जुळवतो. निकालाचं फोनवर बघू."

फोन आला नाही. कार्यक्रम आला. आईला पेज भरवताना तिने तो लावला. खुर्चीचं बोलणं जागच्या जागी होतं, म्हातारीचं सगळं कापलेलं. आणि शेवटी भावाचा गुळगुळीत आवाज: "आम्हा दोघांनाही हा सिनेमा मनापासून आवडला."

चमचा वाटीत आपटला. आई दचकली. ताईने आधी तिचं तोंड पुसलं, मग फोन लावला. आवाज चढू नये म्हणून तिने दात इतके घट्ट आवळले होते की भावाला तिचे शब्द चावल्यासारखे ऐकू आले.

"माझ्या नावाने तू त्या बाईला भूत ठरवलंस."

"अगं, निकाल एकच द्यायचा असतो ना आपला—"

"मग माझा का नाही दिलास?"

"लोकांना आवडलाय ताई. आपणच नाक मुरडलं तर—"

"लोकांचं सोड. तुला का आवडला ते सांग. आणि सोफा विकू नकोस."

शोरूममधला गलबला मागे पडत गेला; तो फोन घेऊन बाहेर आला होता.

"मला आईची भीती वाटते," तो शेवटी म्हणाला. जिभेची इस्त्री पार मोडली होती. "आत येतो तेव्हा ती बघते ना माझ्याकडे, परक्यासारखी. मला पळावंसं वाटतं. ती पोरगी पळाली तेव्हा मला सुटल्यासारखं झालं. म्हणून आवडला."

ताईचा राग कमी झाला नाही. उलट त्याला आता बसायला नीट जागा मिळाली.

"मग हेच बोलायचं कार्यक्रमात. घाबरायचं तू आणि भूत व्हायचं आईने, असं नाही चालणार. आधीचा काढून टाक. हे सांग, तुझ्या एकट्याच्या नावाने. माझं मी वेगळं सांगीन."

"दोन निकाल?"

"दोन. आणि उद्या कामावर जायच्या आधी इकडे ये. आंघोळीला तिला धरायला माणूस लागतो. नवा शर्ट घालू नकोस, भिजेल."