सौम्य म्हणजे सोम्या नव्हे

मोहपाड्यात सविताला कोणी नावानं हाक मारत नाही. लहानथोर सगळे तिला आशाताई म्हणतात. सरकारनं तिला आशा कार्यकर्ती नेमलं त्याला ही गोष्ट घडली तेव्हा बारा वर्षं झाली होती, आणि बारा वर्षांत त्या बाईनं काय काय केलं ते ऐकाल तर तोंडात बोट घालाल. ओढ्याला पूर असताना अडलेली बाळंतीण तिनं पलीकडं काढली. साप चावलेला माणूस मंत्रवाल्याच्या अंगणातून उचलला, आणि मंत्रवाला आडवा आला तर त्यालाही जीपमध्ये कोंबलं. "चला, वाटेत म्हणा मंत्र, माझी ना नाय!"

दहावी शिकलेली, हाडकुळी, खांद्याला निळी पिशवी, जीभ फटकळ. पण पोटात ठेवावं तर तिनंच. कोणाला काय दुखणं, कोणाच्या सुनेला दिवस गेलेत, जीव गेला तरी तिच्या तोंडून निघायचं नाही. म्हणून तर लोक तिला सांगत. पिशवीत औषधं ती किती असणार? थोड्या गोळ्या, एक थर्मामीटर, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र. तिचा खरा जोर होता तो लोक तिला सांगत त्यात.

आणि नेमकं तेच तिनं एका सकाळी घालवलं. तेही भोंग्यावरून!

झालं असं. दोन हजार बावीसचा जानेवारी. आदल्या उन्हाळ्यातल्या लाटेनं पाड्यातली चार माणसं नेली होती आणि घरोघरी त्याची धास्ती अजून ओली होती. तेवढ्यात ओमायक्रॉन नावाचा नवा अवतार आला, आधीच्यापेक्षा दुप्पट वेगानं पसरणारा. हरसूलच्या आरोग्य केंद्रात सगळ्या आशांची बैठक झाली. डॉक्टर योगिनी मॅडम नाशिकहून आलेल्या, वयानं सवितापेक्षा लहान, पण समजावून सांगण्यात हुशार. त्यांनी भिंतीला जगाचा नकाशा लावला आणि कोणत्या देशानं काय केलं ते एकेक सांगितलं.

चीननं शहरंच्या शहरं बंद केली, माणसाला घराबाहेर पाऊल टाकू देईनात. इंग्लंडनं तपासणीच्या पट्ट्या घरोघरी फुकट वाटल्या आणि तिसरी सुई टोचायचा सपाटा लावला. इस्रायलनं तर म्हाताऱ्यांना चौथी दिली. आणि दक्षिण आफ्रिका? तिथल्या डॉक्टरांनी हा अवतार ओळखला आणि लगोलग जगाला सांगून टाकलं, सावध व्हा.

"मग जगानं काय दिलं त्यांना?" सवितानं विचारलं.

"काय देणार? त्यांची विमानं बंद केली," मॅडम म्हणाल्या. "आणि गंमत म्हणजे, त्यांनी सांगायच्या आधीच तो युरोपात जाऊन बसला होता. नंतर जुने नमुने तपासले तेव्हा कळलं."

सवितानं हे सगळं वहीत लिहून घेतलं. तिला लिहून घ्यायची सवयच होती. निघताना मॅडमनी पाड्यावर वाचून दाखवायला एक छापील कागद दिला आणि ती घरी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी समाजमंदिराचा भोंगा सुरू केला. तो भोंगा म्हणजे खरखरीचं आगर. सविता छापील कागदावरचं मोठ्यानं म्हणाली, "नवा कोरोना सौम्य हाय. घाबरू नका. पण म्हाताऱ्यांना जपा."

आता मला सांगा, मोहपाड्यात सौम्य हा शब्द कोण वापरतं? 'हलका' म्हणतात, 'किरकोळ' म्हणतात. सौम्य हा पुस्तकातला शब्द. पण पाड्यात सोम्या नावाचा माणूस मात्र होता. सोमवारी जन्मला म्हणून सोम्या. वणीकडं द्राक्षबागेत मुक्कामाला राहून काम करणारा, आणि तीनच दिवसांपूर्वी घरी आलेला. भोंग्यातून पाड्यानं ऐकलं ते असं, "नवा कोरोना सोम्या हाय!"

बोंबला!

त्याहून वाईट पुढंच. सोम्याला कोरोना होताच. बागेवरून आला त्या दिवशी तो घरात न शिरता आधी सविताच्या अंगणाबाहेर उभा राहिला होता. "ताई, जवळ येऊ नको, माझं अंग तापलंय. बागेत दोघं आजारी होते. तपास मला." तिनं तपासलं, पट्टीवर दोन रेघा उमटल्या. सोम्या आपणहून शेतातल्या खोपीत जाऊन राहिला, सात दिवस. बायकोला म्हणाला, भाकर बांधावर ठेव आणि माघारी फिर. असा गुणाचा माणूस. हे सारं ठाऊक होतं ते फक्त तिघांना: तो, त्याची बायको आणि सविता.

आणि आता भोंग्यावरून आशाताईनंच त्याचं नाव फोडलं, असं सगळ्यांना वाटलं.

दुपारपर्यंत पाड्याचे कारभारी रावजी यांनी खोपीच्या वाटेवर बाभळीच्या काट्या आडव्या टाकल्या. हापशावर सोम्याची बायको गेली तर बायांनी तिचे हंडे उचलून बाजूला ठेवले आणि तिला दूर उभं केलं. दुकानदारानं मीठ दिलं नाही. सविताला कळलं ते संध्याकाळी, आणि ती धावत शेताकडं गेली. सोम्या खोपीच्या दारात बसला होता. ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं एवढंच विचारलं, "ताई, मी येऊन सांगितलं, ते माझं चुकलं का?"

सविता बांधावर बसली. पिशवीतून यंत्र काढून त्याच्या बोटाला लावलं, बांधावरची भाकर त्याच्याजवळ सरकवली आणि माघारी फिरली.

पुढचे तीन दिवस तिनं पाडा पालथा घातला. पिशवीत पट्ट्या होत्या पंधरा, पण नाक पुढं करायला एक माणूस तयार नाही. "ताप? छे! ताप कुठला?" एका घरातून ढास लागल्याचा आवाज आला, तर घरधनी म्हणतो, "रेडकू खोकतंय." रेडकू! सविता म्हणाली, "मग त्या रेडकाला काढा पाजा," आणि पुढं गेली. तोंडानं विनोद केला खरा, पण पाड्यात ताप पसरलाय आणि आपल्याला एकही माणूस सांगत नाही, हे तिला स्पष्ट दिसत होतं.

तिला सगळ्यात मोठा घोर होता चिमणाबाईचा. चिमणाबाई सत्तरीची, दम्याची, आणि लस घ्यायला साफ नकार दिलेली. "मरायच्या वयात सुई कशाला?" असं म्हणून तिनं दोनदा सविताला हाकललं होतं. हा आजार बाकीच्यांना हलका असेल, चिमणाबाईला नाही. वेळेत कळलं तर वाचेल, दोन दिवस उशीर झाला तर जाईल, इतका सरळ हिशोब होता. सविता तिच्या दाराशी गेली तर सून भागीबाई उंबऱ्यात आडवी. "आत्याबाई माहेरी गेल्यात."

सत्तरीच्या बाईला कुठलं आलंय माहेर? पण भागीबाईचे डोळे भेदरलेले होते. तिला हापशावरून हटवलेले सोम्याच्या बायकोचे हंडे डोळ्यांपुढं दिसत होते. घरात जबरदस्तीनं शिरावं तर उद्या दहा घरं कायमची बंद होतील. सविता माघारी आली.

घरी आल्यावर तिनं वही काढली. उद्या मॅडमना काय सांगायचं ते बघायला काढली होती, पण नजर त्या एकाच ओळीवर अडकली. दक्षिण आफ्रिकेनं आधी सांगितलं. त्यांची विमानं बंद. तिनं नवऱ्याला हाक मारली. मनोज हरसूल ते त्र्यंबक जीप चालवायचा, तो गाडी खाली सडकेला लावून नुकताच घरी आला होता.

"अहो, एवढाले शिकलेले देश काट्या टाकतात, तर आपला रावजीदादा काय वेगळा हाय?"

"मग त्याला कशाला दोष देते?" मनोज म्हणाला.

"त्याला नाय देत. काट्या त्यानं टाकल्या, पण तोडून मी दिल्या."

सोम्याचे सात दिवस भरले त्या सकाळी तिनं पाडा समाजमंदिरासमोर बोलावला. या वेळी भोंगा लावला नाही. लोक आले, पण लांब लांब उभे, तोंडाला पदर-रुमाल; काही जण तर आपापल्या दाराआडूनच ऐकत होते. सोम्याही आला आणि सगळ्यांच्या मागं उभा राहिला. त्याच्या भोवती चांगली दहा हात मोकळी जागा.

सविता म्हणाली, "मी त्या दिवशी भोंग्यावर सोम्या म्हणले नाय. सौम्य म्हणले. सौम्य म्हंजे हलका. मॅडमच्या कागदावर व्हता तो शब्द. मला आपली बोली येती, तरी मी मोठेपणा मिरवायला कागदातला शब्द काढला. चूक माझी. सोमादादा, सगळ्यांच्या देखत तुझी माफी मागते." आणि तिनं हात जोडले.

मग कोणीतरी फिसकन हसलं. हसता हसता ते गप्पही झालं, कारण सगळ्यांना एकदम आठवलं की त्या एका शब्दापायी आपण एका घराचं पाणी तोडलं.

रावजी काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. मोबाइलवर बातम्या बघणारा माणूस. "पण त्याला झालं व्हतं ना? मग काट्या टाकल्या ते बरोबरच. चीननं अख्खी शहरं बंद केली. एवढा मोठा देश, त्यो येडा हाय का?"

"येडा नाय," सविता म्हणाली. "पण दादा, तिथं आत कोंडलेली माणसं भाजीपाल्याला मोताद झाली, तरी नव्या कोरोनानं फट शोधलीच. इंग्लंडनं लोकांच्या हातात पट्टी दिली, तू तुझं बघ आणि सांग म्हणून. प्रत्येकाची तऱ्हा निराळी. कोणाचं सगळंच बरोबर नाय, कोणाचं सगळंच चूक नाय. मला फक्त आफ्रिकेचं सांगायचंय. त्यांनी आधी सांगितलं, तर जगानं त्यांनाच दार लावलं. आता पुढचा रोग ज्याच्या देशात निघेल, तो सांगेल का?"

रावजींनी मोबाइल खिशात टाकला.

"आपल्या पाड्यात आधी कोणी सांगितलं? सोमादादानं. घरात पाय न टाकता सांगितलं. आपण काय केलं? काट्या. मी तीन दिवस फिरते, मला एका घरानं खरं सांगितलं नाय. रेडकं खोकतात म्हणे! ह्या पाड्यात रेडकं हायेत किती? दोन! आन खोकण्याचे आवाज येतात आठ घरांतून." तिनं चार बोटं वर केली. "गेल्या साली चार माणसं गेली, ती का गेली? सांगायला उशीर झाला म्हणून. मला डॉक्टरकी येत नाय रे बाबांनो. तुम्ही सांगाल तेवढीच मी आशाताई."

एवढं बोलून ती खाली बसली. रावजी दाढी खाजवत राहिले. त्यांच्यासारख्या माणसाला चटकन मान खाली घालणं जड जातं, हे सगळ्यांना माहीत होतं.

तेवढ्यात मागच्या घराचं दार वाजलं. चिमणाबाई! माहेरी गेलेली चिमणाबाई काठी टेकत, धापा टाकत अंगणात आली. मागून भागीबाई तिचा पदर ओढतेय, "आत्याबाई, घरात चला, घरात चला."

"सोड गं!" म्हातारी खेकसली. मग श्वास पुरवून पुरवून म्हणाली, "आशे, मला ताप हाय. तीन दिस झाले. छातीत लोहाराचा भाता चाललाय. ही पोरगी भ्याली म्हणून लपवून ठेवलं मला. तिला काय बोलू नका."

गर्दी एक पाऊल मागं सरली. कोणी ठरवून केलं नाही, पाय आपोआपच मागं गेले. सवितानं यंत्र म्हातारीच्या बोटाला लावलं. ऑक्सिजन शहाऐंशी. मनोजची जीप पाड्याच्या खाली सडकेला उभी होती आणि तिथवर उताराची अर्धा किलोमीटर वाट. म्हातारीला एक पाऊलही टाकवत नव्हतं.

"धरा कोणीतरी," सविता म्हणाली. सगळे एकमेकांकडं बघत राहिले.

मागून सोम्या पुढं आला. गर्दीनं त्याला वाट करून दिली. त्यानं चिमणाबाईपुढं पाठ केली आणि खाली वाकला.

"मला होऊन गेला, आजी. मला आता भ्यायचं काय? बस पाठीवर."

"तुझ्या दारात मी काट्या टाकू दिल्या रे," म्हातारी रडायला लागली.

"मग आता बसून घे, उतारावर जरा दणके बसतील," सोम्या म्हणाला, आणि तिला पाठीवर घेऊन निघाला.

सविता पिशवी सावरत त्याच्या मागं चालायला लागली. रावजींनी पुढं पळत जाऊन, उताराच्या वाटेला खोपीची वाट फुटते तिथल्या, मधे आलेल्या काट्या हातानं ओढून बाजूला केल्या. हात रक्ताळला तरी थांबले नाहीत. चिमणाबाई त्याच दिवशी नाशिकच्या दवाखान्यात दाखल झाली आणि बाराव्या दिवशी शिव्या देत परत आली, हे नंतरचं. त्या सकाळी जे झालं ते मला सांगायचंय. ती उताराची वाट घरांच्या मधून जाते. सोम्या एकेक घर ओलांडत होता, आणि बारा वर्षं ज्या दारांवर सविता थाप मारत आली होती, ती दारं आतून उघडत होती.

"आशाताई, आमच्याकडं दोघं हायेत."

"ताई, माझ्या पोराला कालपासून ताप हाय."

"रेडकू नाय ताई, मीच खोकतोय."

"समद्यांकडं येते," सविता चालता चालता मोठ्यानं म्हणाली, "म्हातारीला जीपमध्ये बसवते आणि पहिल्या घरापासून येते." तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, कारण एका हातानं पिशवी सावरली होती आणि दुसऱ्यानं तिनं चिमणाबाईचं बोट धरलं होतं.