डाव्या खांद्यावरची पातळ जागा

कवचशाळेत त्यांना सगळे गोफणकाका म्हणत. मंत्र शिकवायला गुरुजी होते, श्वास शिकवायला बाई होत्या. काकांचं काम एकच, मुलांना दगड मारायचे. अठ्ठावीस वर्षं त्यांनी ते इमानेइतबारे केलं. माझ्याही पाठीवर त्यांच्या हातची एक खूण आहे.

आमच्या भागातला डोंगर ठिसूळ. खिंडीतल्या रस्त्यावर दरड कधी कोसळेल याचा नेम नसायचा. म्हणून रस्ता साफ करणाऱ्या मजुरांच्या डोक्यावर कवच धरून उभं राहायला माणसं लागत, आणि ती आमच्या शाळेत घडत. दोन्ही हात वर करून मंत्र म्हटला, की माणसाभोवती आणि त्याच्या आसपासच्यांवर काचेसारखं काहीतरी उभं राहतं. पण नुसत्या मंत्रानं ते पक्कं होत नाही. कवचाला मार खायची सवय लागावी लागते. पहिल्या महिन्यात मातीचे गोळे, मग खडे, मग मुठीएवढे दगड.

काकांची खुबी जोरात नव्हती, नजरेत होती. प्रत्येकाच्या कवचात एखादी पातळ जागा असते. काका डोळे बारीक करून बघत आणि गोफण फिरवून नेमका तिथेच दगड घालत. कवच फुटायचं, पोर कळवळायचं, काका म्हणायचे, "रड, पण उभ्यानं रड. हात खाली नको." चार-सहा महिने रोज तिथेच मार बसला की ती जागा दगडासारखी होई.

जखमा बांधायला शाळेतच एक खोली होती. तिथे काकू बसत, म्हणजे काकांच्याच पत्नी. "हे फोडणार आणि मी जोडणार," त्या म्हणायच्या, "आमचा संसार असाच चाललाय. घरात झुरळ निघालं तर खुर्चीवर चढतात, आणि इथे म्हणे यांचा दरारा!"

त्यांची एकुलती एक लेक आमच्याच वर्गात आली. हसरी, जरा आळशी, पण आवाज खणखणीत. तिचं कवच पहिल्याच दिवशी सगळ्यांहून उंच उभं राहिलं. तिची पातळ जागा डाव्या खांद्याच्या वर होती. आम्हाला ते दिसत नव्हतं, काकांना दिसलं.

आणि काकांचा हात तिथे वळला नाही.

जोर त्यांनी कमी केला नाही, म्हणून कुणाला संशय आला नाही. दगड तितक्याच वेगानं यायचा, फक्त चार बोटं बाजूला लागायचा. आज नको, उद्या मारू, असं त्यांनी स्वतःला दोन वर्षं सांगितलं. परीक्षेतही त्यांनीच दगड मारले. लेक पहिली आली.

खिंडीत रुजू होऊन तिला पाच आठवडे झाले होते. त्या दुपारी अकरा मजूर खाली काम करत असताना दरड सुटली. तिनं कवच धरलं. मजूर एकेक करून बाहेर पळाले. शेवटची बाई निघाली, आणि एक धोंडा डाव्या खांद्यावर आला. कवच फुटलं.

तिला घरी आणलं तेव्हा ती शुद्धीवर होती. छातीची डावी बाजू चेचली होती. वैद्यांनी काकूंकडे बघून नुसती मान हलवली. पुढे नऊ दिवस ती जगली. त्या नऊ दिवसांतलं बोलणं काकूंनीच मला सांगितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी काका तिला चमच्यानं पेज भरवत होते. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही मला नेम चुकवून मारत होतात ना?"

काकांनी चमचा वाटीत ठेवला. खोटं बोलायला त्यांना जमलंच नाही. "हो," ते म्हणाले.

"मला माहीत होतं. बाकीच्यांचं बघायचे ना मी." ती जरा थांबली, तिला श्वास पुरत नव्हता. "बरं वाटायचं मला. वाटायचं, बाबांचा किती जीव आहे माझ्यावर. मीच सांगायला हवं होतं."

"तू नाही गं, तू नाही," एवढंच काका म्हणत राहिले.

ती गेल्यावर ते अकरा जण भेटायला आले. शेवटी सुटलेली बाई काकांच्या पाया पडली. "काय भक्कम कवच होतं हो पोरीचं! तुमच्या हाताखाली तयार झालेली ती." काकांनी तिला उठवलं आणि आत जाऊन तोंडात पंच्याचा बोळा कोंबून रडले.

काकू मागोमाग गेल्या. काका म्हणाले, "मी मारलं तिला."

"माझ्याकडे सगळ्यांची पोरं काळीनिळी होऊन यायची," काकू म्हणाल्या. "आपली दोन वर्षांत एकदाही आली नाही. मला काय कळत नव्हतं? पण मी म्हटलं, असू दे. आईच ना मी." मग दोघं जमिनीवर बसून राहिले. दुपार टळली तरी चूल पेटली नव्हती.

पंधराव्या दिवशी काका शाळा चालवणाऱ्या मोठ्या बाईंकडे गेले, सगळं कबूल केलं आणि म्हणाले, मला काढून टाका. बाईंनी त्यांना समोर बसवलं. मग त्या म्हणाल्या, "तुमच्यासारखी नजर दुसऱ्या कुणाला नाही. तुम्हाला काढलं तर उद्याची पोरं कच्ची राहतील. शिक्षाच हवी असेल, तर काम करा." तेव्हापासून एक नियम झाला: आपल्या माणसाला आपण शिकवायचं नाही.

काका परत आले. पहिले दोन दिवस सगळे दगड वाया गेले. तिसऱ्या दिवशी एका नव्या मुलीची पातळ जागा त्यांना गुडघ्याजवळ दिसली. त्यांनी नेमका तिथेच दगड घातला. ती कोसळली आणि "दुष्ट आहात तुम्ही!" असं ओरडली.

"आहे," काका म्हणाले. "ऊठ."

परीक्षेनंतर मी शाळेतच श्वास शिकवायला राहिले होते, तेव्हा तिथेच वर्ग घेत होते. काकू खोलीतून बाहेर आल्या, मुलीला उचलून आत नेलं, गुडघा धुतला. पट्टी बांधताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मुलीला वाटलं ते तिच्यासाठीच आहे, ती म्हणाली, "काकू, एवढं नाही दुखत."