साडूभाऊंची तार

साऱ्या बडोद्यात तापल्या तव्यावर पाणी मारलेलं बघून हळहळणारा माणूस एकच आहे, आणि तो नेमका माझ्याच नशिबी साडू म्हणून यावा! "अहो, जीव जातो त्याचा!" असं ओरडत ते आमच्या कारेलीबागेतल्या स्वयंपाकघरात घुसतात. फ्रिजमधलं पातेलं एकदम गॅसवर चढवायचं नाही, आधी ओट्यावर 'बसू द्यायचं'. त्यांच्या कृपेनं आम्ही दुपारची आमटी चार वाजता जेवलो आहोत. माझ्या बायकोला याचं हसू येतं. मला येत नाही.

या रोगाचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. अणूहून सूक्ष्म कण पळवणाऱ्या यंत्रांतल्या अवाढव्य चुंबकांसाठी लागणारी एक तार ते बनवतात. हिमालयालाही हुडहुडी भरेल अशा थंडीत ती ठेवली की वीज तिच्यातून विनाअडथळा वाहते. पण जवळून धावणारा कणांचा झोत चुकून तिच्यावर आदळला, तर डोळ्याचं पातं लवायच्या आत ती तापते आणि आतले केसाहून बारीक, ठिसूळ तंतू तडकतात. हे ज्ञान मला बडोद्यातल्याच अकोट्याच्या एका लग्नात झालं. नवरीच्या बापाच्या हातात अक्षता, मंगलाष्टकं सुरू, आणि साडूभाऊ त्याच्या नाकासमोर भाकरवडी धरून सांगताहेत, "जुओ, वरचं आवरण एकदम धड, पण आत बघा, सगळा भुगा!" तेव्हापासून त्यांनी तोंड उघडलं की मी घड्याळ बघतो.

यंदा ते निवृत्त होणार. त्याआधी आपली तार झोतापुढे टिकलेली बघायची, एवढीच त्यांची इच्छा होती. नमुने परदेशी गेले, झोताचा मार खाऊन परत आले. दिसायला जसेच्या तसे! मी पेढे घेऊन धावलो, तर म्हणाले, "थोभो जरा. पुन्हा थंड करून वीज सोडल्याशिवाय काही कळत नाही." असा माणूस! मी पेढे घेऊन तणतणत घरी आलो.

गेल्या रविवारी ते आले, चपला काढल्या आणि खुर्चीत बसले.

"तडकली," एवढंच म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. मी खुर्ची जवळ ओढली. "साडूभाऊ, नक्की काय झालं ते सांगा ना. अगदी पहिल्यापासून." इतक्या वर्षांत मी प्रथमच विचारत होतो.

ते माझ्याकडे बघून हसले.

"रहेवा दो ने," म्हणाले, "तुम्हाला कंटाळा येतो."