भरलेला ट्रक आणि झोपलेला ड्रायव्हर

आमच्या ट्रान्सपोर्टच्या आवारात भरलेला ट्रक उभा आहे आणि त्याच्या सावलीत ड्रायव्हर नामदेव भरदुपारी घोरतो आहे. निघायची वेळ टळली, तरी कुणी त्याला उठवत नाही. गाड्यांवर लक्ष ठेवायला माझ्या सुनेने बसवलेल्या कॉम्प्युटरने सकाळीच इशारा दिला होता: नामदेव तीन दिवसांपासून ब्रेक उशिरा मारतो आहे, आज त्याला गाडी देऊ नका.

"मालक, मी दमलोय हे माझ्या आधी मशीनला कळलं! बायकोला कधी कळलं नाही," अंथरूण पसरताना तो म्हणाला. "आता ही नोकरी काही सोडत नाही मी."

मी हसलो, आणि मला माझा जुना ड्रायव्हर सदाशिव आठवला. त्या दिवशी तो ताडपत्रीची एकच दोरी तीनदा सोडून बांधत होता. मी ते पाहत होतो. "मालक, डोळे जड झालेत," तो म्हणाला. मी म्हणालो, "चहा घे आणि नीघ."

घाटात गाडी कठड्यावर आदळली, त्याचा पाय गेला. तो प्यायला होता, असे मी सगळ्यांना सांगितले. सदाशिव दारूला शिवतही नव्हता.

काल त्याच्या घरी जाऊन मी हे सगळे कबूल केले. तो आपल्या मुलीकडे वळून एवढेच म्हणाला, "ऐकलंस ना?"

ऊन सरकून नामदेवच्या तोंडावर आले, तसा मी उठलो आणि ट्रकच्या कडेला एक जुनी ताडपत्री बांधली. तो कूस बदलून पुन्हा घोरू लागला.