घड्याळातली थरथर

घड्याळाच्या दुकानात आत्याचं घड्याळ काउंटरवर उघडं पडलं होतं. सेल बदलायला आम्ही दोघी गेलो होतो. अलीकडे आत्याचे हात सारखे कापतात, म्हणून चारचौघांत ती ते पदराखाली लपवते.

घड्याळाच्या आत तांदळाएवढी चकचकीत नळी दिसली. "यात काय असतं?" आत्याने विचारलं.

"स्फटिक, काकू. गारगोटीच्याच जातीचा," दुकानदार म्हणाले. "सेलची वीज मिळाली की तो सेकंदाला हजारो वेळा थरथरतो, आणि दर सेकंदाला तेवढाच. ती थरथर मोजूनच काटा पुढे सरकतो."

आत्या हसली. "म्हणजे हा थरथरतो, म्हणून वेळ बरोबर कळते?"

"थरथर थांबली की घड्याळ बंद."

स्थिर दिसणाऱ्या कितीतरी गोष्टींच्या पोटात असं काही अखंड हलत असेल, असं मला वाटून गेलं. तेवढ्यात दुकानदारांनी नवा सेल घालून घड्याळ परत दिलं, आणि आत्याने पदराखालचा हात काढून माझ्यापुढे धरला. मी पट्टा बांधला.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "चल, चहा घेऊ." लोकांसमोर कप हातात धरणं तिने केव्हाच सोडलं होतं. टपरीवर तिने तो दोन्ही हातांनी उचलला. थोडा चहा साडीवर सांडला. तिने निऱ्या झटकल्या आणि आरामात दुसरा कप मागितला.